कल्याण–मुरबाड रेल्वे: "पर्यावरण अहवाल लागतच नाही" हे कितपत खरं?

मुरबाडकर_०७

कल्याण–मुरबाड हा साधारण 28 किलोमीटरचा नवा मार्ग होणार आहे. लोकल हवी आहे, त्यावर वाद नाही. पण पर्यावरण अहवाल कुठे पाहायला मिळेल असं विचारलं की "रेल्वेला ईआयए (पर्यावरणावरच्या परिणामांचा अहवाल) लागत नाही" एवढंच उत्तर मिळतं. हे खरं आहे का? खरं असेल तर भरावाने अडणारं पाणी, वनजमीन, माती कुठून येणार, आवाज हे सगळं तपासतं कोण? आणि हरकत घ्यायची तर कुठल्या टप्प्यावर? जाणकारांनी नेमकं सांगावं. "न्यायालयात जा" छापाची उत्तरं नकोत.

सातबारा

खरं आहे. 14 सप्टेंबर 2006 च्या ईआयए अधिसूचनेच्या परिशिष्टात विमानतळ आहेत, बंदरं आहेत, महामार्ग आहेत, रेल्वेमार्ग नाही. त्यामुळे पर्यावरण मंजुरी नाही आणि तिच्यासोबत येणारी जनसुनावणीही नाही. बुलेट ट्रेनचा परिणाम अहवाल झाला तो जायका या जपानी संस्थेच्या कर्जाच्या अटींमुळे, आपल्या अधिसूचनेमुळे नव्हे. म्हणून पहिला प्रश्न हा विचारा की पैसा कोणाचा? परदेशी वित्तसंस्थेचं कर्ज असेल तर तिच्या नियमांनुसार पर्यावरण व सामाजिक अहवाल करावा लागतो आणि तो संकेतस्थळावर टाकावा लागतो. केंद्र आणि राज्य निम्मा-निम्मा खर्च उचलत असतील तर ही वाट बंद.

पण एक अहवाल नाही म्हणजे तपासणीच नाही, असं मात्र नाही. ती चार-पाच खात्यांत विखुरलेली असते आणि प्रत्येकाची वेळ वेगळी. तुमच्याकडे सगळ्यात महत्त्वाची वनजमिनीची.

आधी संपादनाच्या अधिसूचनेतले गट क्रमांक काढा आणि प्रत्येकाचा सातबारा बघा. ठाणे जिल्ह्यात नुसतं "राखीव वन" शोधून भागत नाही. 1975 च्या खाजगी वने संपादन कायद्याच्या नोंदी इतर हक्कांच्या रकान्यात असतात आणि नेमक्या त्याच सुटतात. मग प्रस्तावात वनक्षेत्र कमी दिसतं, मोजणीच्या वेळी वाढतं आणि काम दोन वर्षं अडकतं. यात रेल्वेचंही नुकसानच आहे.

वनप्रस्ताव परिवेश या केंद्राच्या मंजुऱ्यांच्या संकेतस्थळावर जिल्हा आणि प्रकार निवडून सापडतो. रेषीय (रस्ता, रेल्वेसारखा लांब पट्ट्याचा) प्रकल्प असल्यामुळे तो केंद्राच्या नागपूर प्रादेशिक कार्यालयात जातो. त्यात तीन कागद उघडा: उपवनसंरक्षकांचा स्थळपाहणी अहवाल, झाडांची जातवार आणि घेरवार यादी, आणि पर्यायी मार्गांची तुलना. तिसरा बहुतेक वेळा एका पानाचा असतो आणि त्यातले दोन पर्याय मुद्दाम पाडण्यासाठीच घेतलेत हे दिसून येतं. त्या पानावर प्रत्येक पर्यायासाठी वनक्षेत्र, झाडं, घरं आणि खर्च हे चारही आकडे आहेत का ते बघा. एखादा गाळलेला असेल तर हरकत तिथेच घ्या.

सापळा असा की रेषीय प्रकल्पाला तत्त्वतः मंजुरी मिळून पैसे भरले की अंतिम मंजुरीच्या आधीच काम सुरू करायची परवानगी मिळू शकते, झाडतोडीसह. "अजून अंतिम मंजुरी कुठे आलीय" म्हणून थांबलात तर झाडं गेलेली असतात.

वहाळ

वनाचं वर आलंच आहे, मी पाण्याचं आणि मातीचं लिहितो.

एकेरी ब्रॉडगेजच्या भरावाचा माथा 7.85 मीटर रुंद धरतात, बाजूचा उतार दोनास एक. उंची 4 मीटर असेल तर पाया 23.85 मीटर आणि छेदाचं क्षेत्रफळ 63.4 चौरस मीटर. म्हणजे किलोमीटरला 63,400 घनमीटर माती, तीही दाबून बसलेली. 14 घनमीटरचा डंपर धरला तरी किलोमीटरला साडेचार हजार खेपा, आणि सुटी माती दाबल्यावर कमी होते म्हणून प्रत्यक्षात त्याहून जास्त. दुहेरी मार्गाला माथा 13.16 मीटर, मग आकडा 84 हजारांवर जातो.

ही माती कुठल्या डोंगरातून येणार हे प्रकल्प अहवालात सहसा "कंत्राटदाराची जबाबदारी" या दोन शब्दांत उरकलेलं असतं. मार्च 2020 मध्ये केंद्राने रेषीय प्रकल्पांसाठीच्या मातीला पर्यावरण मंजुरीतून सरसकट सूट दिली होती. सर्वोच्च न्यायालयाने 21 मार्च 2024 रोजी ती रद्द केली. पुढे मार्च 2025 मध्ये मंत्रालयाने प्रमाणाची मर्यादा आणि कार्यपद्धती घालून नवी तरतूद आणली आहे, तिचा ताजा मजकूर वाचून घ्या. जिल्हा खनिकर्म अधिकाऱ्याकडे गट क्रमांकासह उत्खननाचे परवाने मागा. खेपांचा हिशेब आणि परवान्यातलं प्रमाण जुळत नसेल तर उरलेली माती बेकायदा आहे, सरळ गणित.

आता पाणी. रेल्वेच्या पुलाचा जलमार्ग (पाणी जायची वाट) निदान 50 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुरासाठी आखायचा असतो, महत्त्वाच्या मार्गावर 100 वर्षांसाठी आखता येतो. नदीवरच्या मोठ्या पुलाचं गणित नीट होतं. घोळ होतो तो लहान वहाळांवर. भातखाचरांतून पाणी पसरत वाहतं, त्याला ठरलेलं पात्र नसतं. नकाशावर निळी रेघ नाही म्हणून मोरी नाही, आणि पावसाळ्यात भरावाच्या वरच्या अंगाला खाचरं तुंबतात. दुसरं असं की तीन-चार ओहोळ बाजूच्या चरातून वळवून एकाच मोरीत सोडतात. खर्च वाचतो, पण खालच्या अंगाच्या तीन शेतांचं पाणी तुटतं आणि चौथ्याचा बांध फुटतो.

मागायचे कागद: साखळी क्रमांकानुसार (मार्गाच्या सुरुवातीपासूनच्या अंतरानुसार) मोऱ्या-पुलांची यादी, प्रत्येकाचं पाणलोट क्षेत्र, धरलेला पाऊस, आणि फुगवटा (पुलामुळे वरच्या अंगाला चढणारं पाणी) किती सेंटीमीटर येणार ते. ही यादी गाव नकाशावर चढवा आणि जिथे वहाळ आहे पण मोरी नाही अशा जागा साखळी क्रमांकासह लिहून द्या. "आमच्या शेतात पाणी साचेल" या अर्जाला उत्तर येत नाही. "अमुक ते अमुक साखळीत मोरी नाही, गाव नकाशावर वहाळ आहे" याला द्यावं लागतं.

बदलापूर–वांगणीदरम्यान 27 जुलै 2019 ला उल्हासच्या पुरात महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली आणि हजारभर प्रवासी बाहेर काढावे लागले. हेच खोरं आहे. पूररेषा 2005 ची धरली की 2019 नंतरची, हा प्रश्न नक्की विचारा.

मोजपट्टी

आवाजाबद्दल. निवासी भागाची मर्यादा दिवसा 55, रात्री 45 डेसिबल, आणि ती सरासरी पातळी आहे. गाडी जाताना घराशी 80 डेसिबल 20 सेकंद धरा. रात्री 10 ते 6 मध्ये सहा गाड्या म्हणजे आठ तासांत 120 सेकंद. सरासरी येते 56 च्या आसपास. म्हणजे सहाच गाड्यांत मर्यादा अकराने ओलांडली. आणि झोपमोड करतं ते 80, 56 नव्हे. म्हणून अहवालात सरासरी आणि कमाल दोन्ही मागा. आजची मोजणी रस्त्याकडेला करून "आधीच आवाज आहे" दाखवायची पद्धत आहे, तेव्हा मोजणीच्या जागा नकाशावर तपासा. वळणं, पुलांचे गर्डर आणि फाटकाजवळचा हॉर्न यांचा आवाज या गणितात धरलेलाच नसतो.

मुरबाडकर_०७

धन्यवाद, हेच हवं होतं. दोन शंका. वनजमिनीला ग्रामसभेचा ठराव लागतो ना? आणि हरकतीची मुदत?

सातबारा

इथे बहुतेक लोक चुकतात. 5 फेब्रुवारी 2013 च्या केंद्राच्या पत्राने रेषीय प्रकल्पांना ग्रामसभेच्या संमतीतून सूट दिली. पण अपवाद ठेवला: आदिम जमातींचे मान्य झालेले वनहक्क बाधित होत असतील तर सूट नाही. आपल्याकडे कातकरी त्या यादीत आहेत. त्यामुळे मार्गात कातकरी वाडी किंवा तिचं वनहक्काचं क्षेत्र येतं का, आणि दावे मान्य आहेत की प्रलंबित, हे उपविभागीय वनहक्क समितीकडून लेखी घ्या. प्रलंबित असतील तर आधी ते निकाली काढा, कारण अपवाद "मान्य" हक्कांसाठी आहे. मुरबाड तालुक्यातली काही गावं पेसाखालीही (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना विशेष अधिकार देणारा कायदा) येतात, त्यांची यादी वेगळी जुळवा.

हरकतीचं म्हणाल तर संपादन रेल्वे कायदा 1989 खाली असेल तर कलम 20अ ची अधिसूचना प्रसिद्ध झाल्यापासून 30 दिवस, कलम 20ड खाली, सक्षम प्राधिकाऱ्याकडे लेखी. सामाजिक परिणाम अभ्यास या मार्गाने होत नाही, मोबदल्याची सूत्रं मात्र 2013 च्या भूसंपादन कायद्याची लागतात. म्हणून मोरी, भुयारी वाट, शेताचा तुटणारा रस्ता हे सगळं त्या 30 दिवसांतच कागदावर आलं पाहिजे. आराखडा मंजूर झाल्यावर एक भुयारी वाट वाढवून घेणं फार कठीण.

खाडीकाठ

कल्याणच्या टोकाला भरतीचं पाणी येतं तेवढ्या भागात सीआरझेडही (किनारपट्टी नियमन क्षेत्राचे नियम) तपासा. 1:4000 च्या नकाशावर मार्ग चढवलेला लागतो. कांदळवन असेल तर मुंबई उच्च न्यायालयाच्या 17 सप्टेंबर 2018 च्या निकालानुसार सार्वजनिक प्रकल्पालाही न्यायालयाची परवानगी लागते, आणि कांदळवनाभोवतीचा 50 मीटरचा पट्टाही मोजायचा. बुलेट ट्रेनसाठी तोडायच्या कांदळवनाच्या झाडांचा आकडा याच चाळणीतून सुमारे 53 हजारांवरून 22 हजारांपर्यंत खाली आला आणि 9 डिसेंबर 2022 ला परवानगी मिळाली. मार्ग तोच राहून झाडं वाचू शकतात, फक्त कोणी विचारायला हवं.

गोव्याचंही उदाहरण जवळचं आहे. कॅसलरॉक–कुळे दुपदरीकरणाची वन्यजीव मंजुरी सर्वोच्च न्यायालयाने 9 मे 2022 ला रद्द केली. जैवविविधतेवरच्या परिणामाचा पुरेसा अभ्यास नव्हता. शिवाय त्या घाटात 1:37 चा चढ आहे, दुसरा रूळ टाकून तो कमी होत नाही, म्हणजे क्षमताही फारशी वाढत नाही. मुरबाडला अभयारण्याचा तसा प्रश्न नाही, पण "क्षमता किती वाढणार" हा मुद्दा प्रत्येक ठिकाणी लावून बघण्यासारखा आहे.

वहाळ

माहिती अधिकाराचा अर्ज करताना एक लक्षात ठेवा. वनखातं, खनिकर्म, प्रांत ही राज्याची कार्यालयं: एक अर्ज, एक विषय, 150 शब्द. रेल्वे केंद्राची: 500 शब्दांपर्यंत, ऑनलाइन चालतो, शुल्क 10 रुपये. रेल्वेकडे "पर्यावरण अहवाल द्या" असं मागू नका, "उपलब्ध नाही" एवढं उत्तर येईल. अंतिम स्थान सर्वेक्षणाचा अहवाल, मोऱ्या-पुलांची यादी आणि उभा छेद, अशी नावं घेऊन मागा.