सोलापूर स्टेशनवर अडीच हजारांचं जॅकेट कोणी घेईल का?

पूर्वभागची_सून :
नमस्कार. आमचं घर अशोक चौकाजवळ. सासऱ्यांचे चार माग होते, आता एकच चालू आहे. त्यावर निघणाऱ्या चादरीच्या कापडाची मी बिनबाह्यांची जॅकेटं शिवते. दोन वर्षं झाली. हौस म्हणून नाही, त्याच्यावर मुलीची फी भरते.

मागच्या महिन्यात बहिणीकडे नवी मुंबईला गेले होते. सीवूड्सला लोकलमधून उतरलो आणि जिना चढून वर आलो तर थेट मॉलच. काचेआड चार-चार हजारांचे शर्ट, आणि ऑफिसातून सुटलेली माणसं खांद्याला डबा अडकवून आत शिरत होती. तिथंच डोक्यात आलं, आपल्या स्टेशनवर हे का होऊ नये? आपल्याकडं तर कापड गावातच विणलं जातं.

घरात विषय काढला तर सासरे म्हणाले, "स्टेशनवर माल गेला की तो रुमालाच्या भावात जातो." हे मला लागलं. जॅकेटच्या पाठीवर मोर अखंड यावा म्हणून मी एका चादरीतून एकच काढते. दोन निघतात, पण मग मोराची मान शिलाईत जाते. उरलेल्या तुकड्यांच्या पिशव्या करते. खांद्यावर चार पदर एकत्र येतात तिथं अठरा नंबरची सुई पण मोडते, म्हणून तेवढी शिलाई हातानं चाक फिरवून घालते. हे रुमालाच्या भावात कसं देऊ?

रेल्वेच्या 'एक स्टेशन एक उत्पादन' योजनेत स्टॉल मिळतो असं ऐकलंय. कोणी लावलाय का? महागाचा कपडा स्टेशनवर खरंच खपतो का, ते स्पष्ट सांगा.

चाटी_गल्ली :
ताई, तीस वर्षं कापडाच्या गादीवर बसतोय, म्हणून सांगतो. कपडा विकताना भाव आड येत नाही, माप येतं. नव्या पेठेत गिऱ्हाईक शर्ट घेऊन जातं, घरी तंग झाला तर दुसऱ्या दिवशी बदलून नेतं. स्टेशनवरचं गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी गुलबर्ग्यात नाहीतर दादरला असतं. बदलून कुठून देणार? हे त्यालाही कळतं, म्हणून तो हात लावतो, बघतो आणि ठेवून देतो. तुमचे सासरे चुकत नाहीत, त्यांनी माल फुकट जाताना बघितलाय.

आणखी एक. बाहेरगावचा यंत्रमागाचा माल 'सोलापुरी' म्हणून देशभर विकला जातो. आपल्या चादरीला आणि टेरी टॉवेलला जीआय मानांकन, म्हणजे माल कुठल्या गावचा याची सरकारी ओळख आहे, पण प्रवाशाला ओळखायचं कसं ते ठाऊक नसतं. त्याला कापड उलटून दाखवा. दोन्ही अंगांनी नक्षी, फक्त रंग उलटे. एवढं केलं तरी निम्मी खात्री पटते.

परतलेला_सोलापूरकर :
चाटी गल्लीवाल्या अण्णांचा मुद्दा एकदम बरोबर, आणि लंडनमध्ये त्याच्यावरच एक अख्खा धंदा उभा राहिला होता. मी तिथं तीन वर्षं नोकरीला होतो. 'टाय रॅक' नावाची दुकानं 1981 साली सुरू झाली. रेल्वे स्टेशनं, विमानतळ, जिथं माणूस घाईत तिथं त्यांचं दुकान. माल काय, तर टाय, स्कार्फ, मोजे. ज्याला माप लागत नाही किंवा लागलं तरी जेमतेम, तेवढंच. तीसेक वर्षं चाललं, 2013 च्या सुमारास बंद पडलं.

दुसरं उदाहरण लंडनच्याच सेंट पँक्रास स्टेशनचं. पॅरिसला जाणारी युरोस्टार नोव्हेंबर 2007 पासून तिथून सुटते. त्या गाडीला पासपोर्ट, तपासणी सगळं असतं, म्हणून लोक बरेच आधी येतात. फलाटाखालच्या तळघरात पूर्वी बिअरची पिंपं उतरायची, खांबांमधलं अंतरसुद्धा पिंपांच्या हिशोबानं ठेवलेलं. आज तिथं उंची दुकानांची रांग आहे. मी स्वतः आईसाठी लोकरीची शाल तिथूनच घेतली, कारण गाडीला तास होता आणि हात रिकामे होते. बाजारात गेलो असतो तर भाव करत बसलो असतो आणि बहुतेक घेतली नसती.

जपानमध्ये तर रेल्वे कंपनीनंच पुढाकार घेतला. ओसाकाच्या उमेदा स्टेशनला हांक्यू कंपनीनं 1929 मध्ये स्वतःचं मोठं डिपार्टमेंट स्टोअर काढलं. रोज आपल्याच गाडीनं येणारी माणसं, मग गिऱ्हाईक शोधायला लांब कशाला जायचं, असा साधा हिशोब.

ताई, तुम्ही सीवूड्सला बघितलं त्यात आणि सोलापुरात फरक आहे. तिथं माणसं रोज उतरतात, त्यामुळं बदलून घ्यायला परत येऊ शकतात. आपल्याकडं बहुतेक गाड्या पाच-दहा मिनिटं थांबून पुढं जातात. त्या प्रवाशाच्या नादाला लागू नका, तो पाण्याची बाटली घेईपर्यंत शिट्टी होते. पण सिद्धेश्वर, हुतात्मा आणि वंदे भारत इथूनच सुटतात. त्यांचे प्रवासी अर्धा तास आधी येऊन बसतात. सिद्धेश्वरच्या वेळी तर जेवून आलेले, सोडायला आलेले, सगळे निवांत असतात. तुमचं गिऱ्हाईक ते आहे.

बचतगट_अक्का :
मी दुसऱ्या एका जंक्शनवर पंधरा दिवस स्टॉल लावला होता, आमच्या गटाचा. योजना 2022 पासून आहे. विणकर किंवा कारागीर ओळखपत्र असेल तर, नाहीतर बचत गटाची नोंदणी असली तरी चालतं. अर्ज रेल्वेच्या मंडल कार्यालयाच्या वाणिज्य विभागात द्यायचा. स्टॉल पाळीपाळीनं देतात, भाडं नाममात्र असतं. कायमचा मिळेल असं धरून कर्ज काढू नका, एवढं मात्र कळकळीनं सांगते.

आमचा अनुभव असा की सकाळी विक्री कमी, रात्री आठनंतर जास्त. पहिले चार दिवस आम्ही घड्या घालून ठेवल्या, कोणी ढुंकून बघितलं नाही. पाचव्या दिवशी एक साडी पूर्ण उलगडून मागं टांगली. त्या रात्री तीन गेल्या, कारण पदर लांबून दिसत होता. तुमचं जॅकेट पाठ पुढं करून टांगा. मोर दिसू दे.

आणि भाव अडीच हजारांच्या वर नेऊ नका. 22 सप्टेंबर 2025 पासून अडीच हजारांपर्यंतच्या कपड्याला पाच टक्के जीएसटी आहे, त्याच्या वर अठरा. तुमचा व्यवसाय नोंदणीत येत असेल तर वरच्या शंभर रुपयांपायी गिऱ्हाईकाला मोठा फटका बसतो.

पूर्वभागची_सून :
सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री सासऱ्यांना सगळं वाचून दाखवलं. मापाचं ऐकल्यावर ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, दोन्ही बाजूंना बटणाऐवजी नाडी लाव, बारीक आणि जाड दोघांना बसेल. मी आजच एक तसं शिवून बघितलं. मोठ्या दिरांना झालं आणि माझ्या मुलीलाही झालं, तिला थोडं सैल, पण ती काढायला तयार नाही.

उरलेल्या तुकड्यांच्या पिशव्यांऐवजी आता गळ्यात घालायच्या पट्ट्या काढून बघते, त्यांना तर मापच नको. सासऱ्यांचं विणकर ओळखपत्र सापडलं, पण त्याच्यावरचा पत्ता जुन्या घराचा आहे. अक्का, तेवढ्यावर अर्ज घेतात का, की आधी पत्ता बदलून आणू?

बचतगट_अक्का :
आधी बदलून आणा. आणि जाताना एक जॅकेट बरोबर न्या, फोटो नको.