रोहिडा: तीन रंग, तीन झाडं की एकच?

वाळूतला_पुणेकर
कामानिमित्त चार महिने बाडमेरला आहे. साइटच्या वाटेवर वाळूच्या टेकाडाला तीन झाडं आहेत. खोडं वाकडीतिकडी, पानं लांबुडकी, कडा लाटांसारख्या. फेब्रुवारीअखेर तिन्ही फुलली, तर एक हळदीसारखं पिवळं, दुसरं केशरी, तिसरं लालभडक! फूल नरसाळ्यासारखं. नाकाशी नेलं, वास शून्य. ड्रायव्हर तिन्हींना रोहिडाच म्हणतो. मला रोहिडा म्हणजे भोरजवळचा किल्ला तेवढा ठाऊक. या जाती वेगळ्या का? आई म्हणते, काष्ठौषधीच्या दुकानातला रक्तरोहिडा तो हाच. मग थोडी साल इथूनच आणू का?

माळरान
जात एकच, टेकोमेला अंड्युलाटा. अंड्युलाटा म्हणजे तुम्हाला दिसल्या त्याच लाटा. रंग झाडागणिक बदलतो. आपल्या टेटू-मेडशिंगीच्या कुळातला आहे. वाकडी शेंग उकलली की आत कागदासारखे पंख असलेल्या बिया. थरपासून पाकिस्तान, अफगाणिस्तान, इराण आणि पार ओमानपर्यंत याचं मूळ घर. १९८३ पासून राजस्थानचं राज्यफूल.

सालपाला
अहो, साल सोलू नका, झाड जाईल! शिवाय आपल्याकडे रक्तरोहिडा म्हणून विकतात ती साल बरेचदा ऱ्हॅम्नस वाइटीची असते, म्हणजे बोरीच्या कुळातल्या सह्याद्रीतल्या झाडाची. बंगालकडे रोहितक म्हणून आणखी तिसरंच झाड चालतं. आईंना म्हणावं, आधी वैद्यांना विचारा.

जोधपूरची_सून
इकडे माणूस दिसायला देखणा आणि गुणाने कोरा असला की सासूबाई म्हणतात, ‘रोहिडे रो फूल’. वास नाही ना, म्हणून. फुलावर अन्यायच आहे हा, मधासाठी पाखरांची झुंबड असते त्यावर. लाकडाला मात्र कुणी नावं ठेवत नाही. मारवाडचं सागवान म्हणतात त्याला. आमच्या जुन्या घराची कोरीव दारं त्याचीच आहेत, अजून वाळवी नाही. पण झाड वाढतं फार सावकाश, आणि तोडणाऱ्यांना कुठला एवढा दम!

वाळूतला_पुणेकर
वहिनी, म्हण ड्रायव्हरला ऐकवली. हसून हसून त्याने गाडी बाजूला घेतली आणि आमच्या साइटवरच्या एका साहेबांचं नाव घेतलं. इथे लिहीत नाही, नोकरी टिकवायची आहे. साल रद्द. लाल झाडाच्या शेंगा पिकल्या की फोटो टाकतो.