कालव्याच्या पलीकडेही जा

मुलगी फ्रेंच शिकायला पाँडिचेरीत राहणार, तिने तिथे काय पाहावं, असं इथे विचारलंय. "अलियान्स फ्रान्सेजच्या (फ्रेंच शिकवणाऱ्या संस्थेच्या) आसपासचे पिवळे बंगले पाहिले की पाँडिचेरी झालं" हे त्यावर कुणीतरी लिहिलंय, ते अर्धंच पटलं. तुमची मुलगी तिथे राहणार असेल, तर तिला फ्रेंच आणि तमिळ वस्तीमधला कालवा ओलांडून तमिळ वस्तीत जायला सांगा. घरांपुढे रस्त्यालगत तिण्णै, आपल्या वडोदऱ्यातल्या जुन्या वाड्यांच्या ओट्यासारखी. गोरी वस्ती, म्हणजे जुना फ्रेंच भाग, मला तरी जरा फोटोपुरतीच वाटली.

बाजारालगत आनंद रंग पिळ्ळै यांचं घर आहे. ते पाँडिचेरीचा फ्रेंच गव्हर्नर डुप्ले याचे दुभाषी. १७३६ ते १७६१ या काळात त्यांनी तमिळमध्ये रोजनिशी लिहिली. घरात खाली कोरीव लाकडी खांब, वर फ्रेंच धाटणीचे चुनेगच्ची खांब! सकाळी लवकर जा, दहानंतर ऊन भाजून काढतं.