आईबापांना शिकवतो, पण शिकवलेलं घरात पोचतं का ते तपासायला विरोध का?

तापीकाठची सिस्टर

बाळंतपणाच्या वॉर्डात चौदा वर्षं झाली मला. नंदुरबार जिल्ह्यातल्या शहादा-तळोदा पट्ट्यातल्या बाया आमच्याकडे येतात. घरी सोडायच्या दिवशी बाळंतिणीला आणि सोबत असेल त्या माणसाला आम्ही अर्धा तास शिकवतो. पहिलं चिकाचं दूध पिळून टाकू नका, सहा महिने वरचं पाणीसुद्धा नको, नाळेला काही लावू नका, बाळ दूध ओढेनासं झालं किंवा मलूल पडलं तर वाट बघत बसू नका. शेवटी दहा प्रश्न विचारतो. बहुतेक जणी नऊ-दहा उत्तरं बरोबर देतात. तेच आकडे वर जातात आणि कार्यक्रम यशस्वी ठरतो.

मागच्या वैशाखात दहापैकी दहा मिळवलेल्या एका मुलीचं बाळ नवव्या दिवशी परत आलं. वजन घटलेलं, जीभ कोरडी. घरी गुळाचं पाणी चालू होतं, त्यामुळे बाळ अंगावर कमी ओढायचं आणि दूधही आटत चाललं होतं. सासू मला म्हणाली, "पोऱ्यानं तोंड सुकी ऱ्हायनं, मंग पानी नही पाजानं का?" पारा 44 वर होता. तिचं काळीज तुटत होतं, ती काही वाईट करत नव्हती. आईच्या दुधात शंभरातले 87-88 भाग पाणीच असतं, बाळाला दिवसात सहा वेळा लघवी होत असेल तर वरच्या पाण्याची गरज नाही, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. आम्ही शिकवलं सुनेला, आणि पाणी पाजणारा हात सासूचा. बाळ वाचलं.

आता आईबापांना शिकवण्याचं नवं प्रशिक्षण सुरू व्हायचंय. बैठकीत मी म्हटलं, चिठ्ठ्या टाका, निम्म्या उपकेंद्रांत आधी सुरू करा, उरलेल्या निम्म्यांत सहा महिन्यांनी. आणि दोन्हीकडे 28व्या दिवशी घरी जाऊन बघा. यावर मला "बायांवर प्रयोग करता का?" असं ऐकावं लागलं. मला यात गैर काय ते खरंच कळत नाही. बोला.

सातपुड्याचा मास्तर

सिस्टर, तुमच्या कळकळीबद्दल शंका नाही, पण बैठकीत विरोध करणाऱ्यांच्या बाजूचा मी आहे. धडगावकडच्या पाड्यांवर वीस वर्षं शिकवतोय. आमच्याकडे सर्वेक्षणाला माणसं येतात, वह्या भरतात, निघून जातात. मागे काय राहिलं, असं पाड्यातली म्हातारी मला विचारते, तेव्हा माझ्याकडे उत्तर नसतं.

आईचं दूध चांगलं, हे सिद्ध झालेलं आहे. मग सहा महिने निम्म्या गावांना थांबवायचं कशासाठी? त्या सहा महिन्यांत जी बाळं जन्मतील त्यांच्या आयांना काय सांगणार, की तुमची चिठ्ठी निघाली नाही? माहीत असलेली गोष्ट न सांगणं मला पटत नाही. आणि संमतीचं काय? मराठीत छापलेल्या कागदावर अंगठा घेतला म्हणजे पावरी बोलणाऱ्या बाईला समजलं, असं धरायचं का?

धुळ्याचा बालरोगवाला

मास्तर, आईचं दूध चांगलं हे सिद्ध झालंय. अमुक पद्धतीने शिकवलं की आई तसं वागते, हे वेगळं सिद्ध करावं लागतं. आपली गफलत इथेच होते.

गडचिरोलीचं उदाहरण सगळे देतात. डॉक्टर अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने 39 गावांत घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली आणि 47 गावं तुलनेला ठेवली. 1999 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले: तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर हजार जन्मांमागे 25.5, तुलनेच्या गावांत 59.6. पण ते नुसतं शिक्षण नव्हतं. गावातल्याच प्रशिक्षित बाया जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शनही देत होत्या. म्हणून त्या आकड्याचं सगळं श्रेय समुपदेशनाला देता येत नाही.

नुसत्या बोलण्यानेही फरक पडतो, हे झारखंड-ओडिशात दिसलं. 'एकजूट' या संस्थेने आदिवासी भागात बायकांच्या मासिक बैठका घेतल्या, गोष्टी आणि चित्रांवरून चर्चा. 2010 साली छापून आलं, तीन वर्षांत नवजात मृत्यू 32 टक्क्यांनी कमी. आता ऐका. जवळपास तशाच बैठका मुंबईच्या झोपडपट्ट्यांत घेतल्या आणि 2012 साली निष्कर्ष आले, तेव्हा मृत्यू त्यामुळे कमी झालेले दिसले नाहीत. दोन्हीकडे कामात प्रामाणिकपणाच होता. तुलनेचा गट नसता तर मुंबईतही "यशस्वी" लिहून मोकळे झाले असते, कारण बालमृत्यू तसेही कमी होतच होते.

आता सांगा, नंदुरबार झारखंडासारखं वागेल की मुंबईसारखं? मला सांगता येत नाही. म्हणून तपासायचं.

सातपुड्याचा मास्तर

डॉक्टर, हे नीट समजावलंत, त्याबद्दल आभार. तरी माझा मुद्दा उरतोच. दिवाळी झाली की आमच्या टोळ्या ऊसतोडीला गुजरातेत जातात. ओली बाळंतीणही जाते, उसाच्या फडात झोळी बांधून. तुम्ही 28व्या दिवशी घरी गेलात तर दाराला कुलूप. ते बाळ तुमच्या वहीतून गळणार. सगळ्यात जास्त धोका त्याच बाळाला, आणि मोजणार कोणाला? जे घरी राहिलं त्याला. मग निकाल छान येईल आणि खोटा असेल. याला तुमच्या शास्त्रात काय उत्तर आहे?

धुळ्याचा बालरोगवाला

तुमची शंका अगदी रास्त आहे. ज्या गटात नाव लागलं त्याच गटात ते बाळ शेवटपर्यंत मोजायचं आणि किती गळाली, कुठून गळाली हे निकालासोबत छापायचं, एवढं शास्त्र सांगतं. त्याने गळती उघड होते, भरून निघत नाही. मुकादमाकडून टोळीचा ठिकाणा घेऊन फडावर जाणं, निदान फोन करणं, याला दुसरा उपाय मला दिसत नाही. त्याला पैसा लागतो, आणि तो आराखड्यात आधीच धरायला हवा.

केळीच्या बागेतला बाप

मी रावेर तालुक्यातला. मला दीड वर्षाची मुलगी आहे. तुम्ही सगळे "आई, आई" म्हणताय. बायकोला शिकवलं तेव्हा मी दवाखान्याच्या बाहेर रसवंतीवर बसलो होतो, मला कोणी आत बोलावलंच नाही. रात्री दोनला मुलगी रडायला लागली की हिचं दूध पुरत नाही असं सगळं घर बोलायचं आणि मीच पावडरचा डबा आणून दिला. रडणं म्हणजे दर वेळी भूक नसते, हे मला तीन महिन्यांनी कळलं. मला आधी कोणी सांगितलं असतं तर तो डबा घरात आला नसता. चाचणी करा, नका करू, पण बापाला आत घ्या.

आशाताई, शिरपूर

एवढा वेळ नुसती वाचत होते. आता लिहिते.

दवाखान्यात बाळंतपण झालं की आम्ही 3, 7, 14, 21, 28 आणि 42 या दिवशी घरी जातो. सहा भेटी, 250 रुपये. बाळाला गुंडाळलं कसं, वजन किती, ताप आहे का, अंगावर पितंय का, सगळं बघून अर्ज भरायचा. म्हणजे सिस्टर म्हणतात ते "घरी जाऊन बघणं" आत्ताही चालूच आहे. आमच्या त्या अर्जांचं पुढे काय होतं ते मला आजपर्यंत कोणी सांगितलेलं नाही. नवी चाचणी आली की नवी वही येईल आणि तीही मीच भरणार. आधी जुने अर्ज उघडा. पाणी पाजलं, घुटी दिली, हे आम्ही खरं लिहिलं तर आम्हालाच बोलणी बसतात, म्हणून कित्येक जणी "फक्त अंगावरचं दूध" यावर टिक करून मोकळ्या होतात. चाचणीतही तेच होणार. मी चाचणीच्या विरोधात आहे असं समजू नका, पण शिकवणारी आणि तपासणारी एकच बाई ठेवाल तर काही हाती लागणार नाही.

तापीकाठची सिस्टर

ताई, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. दहा प्रश्नांच्या कागदाची मी तक्रार करतेय, आणि तो कागदही शिकवणारी मीच भरून घेते.

मास्तर, थांबवण्याबद्दल. तुलनेच्या गावांत काहीच मिळणार नाही असं नाही. आत्ताचा अर्धा तास आणि आशाताईंच्या भेटी तिथे चालूच राहतील. आणि तसंही एकाच वेळी सगळ्या उपकेंद्रांना पुरतील एवढे प्रशिक्षक आमच्याकडे नाहीत. कोणाला तरी उशिरा मिळणारच आहे. तो क्रम ओळखीपाळखीने लागण्याऐवजी चिठ्ठीने लागावा, एवढंच माझं म्हणणं. हरयाणात अंगणवाडीताई आणि सुईणींकडून घरोघरी सांगण्याची अशीच तुलना झाली होती, 2003 साली छापून आली. तिसऱ्या महिन्यात फक्त अंगावर पिणारी बाळं 79 टक्के, दुसरीकडे 48. तो फरक तुलनेमुळेच दिसला.

संमतीचं तुमचं बरोबर आहे. पावरीत तोंडी सांगायचं, आणि बाईने आपल्या शब्दांत परत सांगितल्यावरच अंगठा. रावेरच्या दादाचंही धरते, बाप आणि सासू दोघं आत.

सातपुड्याचा मास्तर

पावरीत सांगणारी माणसं मी शोधून देतो, आमच्या शाळेतून शिकून गेलेल्या दोघी-तिघी आहेत. पण निम्म्या गावांनी थांबायचं, हे मला अजून पटलेलं नाही. पुढच्या बैठकीला मी येणार आणि हेच बोलणार.

आशाताई, शिरपूर

या मास्तर. आणि बैठक बुधवारी ठेवू नका, त्या दिवशी आमचं लसीकरण असतं.