पट्ट्या बसवायची घाई नको
भाऊ, तुमची प्रीमियर पद्मिनी गाडी नुकतीच रंगवून आली आणि क्रोमच्या जुन्या पट्ट्या येत्या रविवारी बसवणार असं लिहिलंय. जरा थांबा. टू-के रंग (हार्डनर मिसळून मारायचा दोन भागांचा रंग) हाताला कोरडा लागला तरी आतून पक्का व्हायला काही आठवडे जातात. आधीच पट्टी धरणारी क्लिप दाबली तर तिचा वळ रंगात उठतो. आपल्या जळगावात मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो, तेव्हा तापलेल्या पत्र्यावर तर हातच लावू नये. सकाळी सावलीत काम करा.

खरी काळजी या क्लिपांच्या भोकांची. पेंटरने ती पुट्टीने बुजवली असतील तर पुन्हा पाडताना कडेचा पत्रा उघडा पडतो. तिथे आधी झिंक प्रायमर, मग रंगाचा हात, तो वाळल्यावर क्लिप. आमच्या वडिलांच्या फियाटला हे राहून गेलं आणि दोन पावसाळ्यांत पट्टीखालचा रंग फुगला. फार जीव हळहळला.

गाडीच्या नावाच्या बिल्ल्यांखाली नवे रबर वॉशर घाला, जुने कडक झालेले असतात. नट हातानेच आवळा. बिल्ल्यामागचा, नट बसतो तो जुना ओतीव खिळा पान्याने पटकन तुटतो आणि तसा बिल्ला आता सहज मिळत नाही.