सल्ला हवा: स्कॅन सेंटरच्या इमेजेस सुरक्षित कशा ठेवायच्या?

वारणाकाठ:
नमस्कार मंडळी. मिरजेत वहिनींचं सेंटर आहे. एक सीटी, एक डिजिटल एक्स-रे, दोन सोनोग्राफी. कॉम्प्युटरचं सगळं मी बघतो. रात्रीच्या इमर्जन्सीचे सीटी पुण्याचे एक डॉक्टर घरून रिपोर्ट करतात. त्यांना इमेजेस दिसाव्यात म्हणून पॅक्स (इमेजेस साठवणारा आणि दाखवणारा सर्व्हर) बसवणाऱ्या इंजिनिअरने राउटरवर पोर्ट 104, म्हणजे इमेजेस ये-जा करतात ती वाट, सरळ इंटरनेटला उघडून ठेवलाय. पासवर्ड नाही. विचारलं तर म्हणतो, "एई टायटल, म्हणजे मशीनचं ठरलेलं नाव, जुळल्याशिवाय काही दिसत नाही, सगळीकडे असंच असतं." मला हे पटत नाही. वहिनी खर्चाला तयार आहेत, पण रात्रीचा रिपोर्ट अडकता कामा नये. सुरुवात कुठून करू?

नेटवर्कवाला_नाशिक:
त्या पोर्टपासून. एई टायटल म्हणजे कुलूप नव्हे, दारावरची पाटी आहे. समोरचा जे नाव सांगेल ते खरं मानलं जातं, आणि कित्येक सर्व्हर तेवढंही तपासत नाहीत. डायकॉम, म्हणजे स्कॅनच्या इमेजेस साठवायची-पाठवायची ठरलेली पद्धत, 1993 मध्ये आलं तेव्हा इमेजेस हॉस्पिटलच्या आतच फिरायच्या. पुढे त्यात टीएलएसची, म्हणजे वाटेतला डेटा एन्क्रिप्ट करायची (कुणाला वाचता येणार नाही असा करायची) सोय झाली, पण सक्ती नसल्यामुळे ती बहुतेक ठिकाणी बंदच असते.

"सगळीकडे असंच असतं" हे दुर्दैवाने बरंचसं खरं आहे. ग्रीनबोन या जर्मन कंपनीने 2019 मध्ये इंटरनेटवर उघडी पडलेली पॅक्स शोधली. त्यांच्या पुढच्या अहवालात भारतातल्या राज्यांत महाराष्ट्र पहिला होता: तीन लाखांवर तपासण्या, जवळजवळ सात कोटी इमेजेस. आपल्याच लोकांच्या!

पुण्याच्या डॉक्टरांना वायरगार्ड व्हीपीएन (इंटरनेटवरून सेंटरपर्यंतची खासगी, एन्क्रिप्टेड वाट) द्या. दिवसा दोन-चार सीटी पाठवून बघा, नीट उघडले की त्याच संध्याकाळी 104 बंद.

भटक्या७७:
एवढी धावपळ कशासाठी? कुणाच्या गुडघ्याचा एक्स-रे चोरून कोण काय करणार?

डॉ_सोनल:
भटक्या, फाइलमध्ये नुसता गुडघा नसतो. हेडरमध्ये, म्हणजे इमेजला जोडलेल्या माहितीत, नाव, जन्मतारीख, पाठवणारे डॉक्टर, तपासणीचं कारण, सगळं साध्या अक्षरांत असतं. पेशंटने ते आपल्या विश्वासावर सांगितलेलं असतं.

मला चोरीपेक्षा फेरफाराची धास्ती जास्त वाटते. 2019 मध्ये इस्रायलच्या बेन-गुरियन विद्यापीठातल्या संशोधकांनी फुप्फुसाच्या सीटीत खोट्या गाठी घातल्या आणि खऱ्या गाठी पुसल्या. तीन रेडिओलॉजिस्टनी ते स्कॅन वाचले. घातलेल्या गाठींपैकी 99 टक्के त्यांना खऱ्या वाटल्या, आणि गाठ पुसलेल्यांपैकी 94 टक्के पेशंट निरोगी ठरले. फेरफार झालाय हे आधी सांगितल्यावरही बहुतेक स्कॅननी चकवलंच. त्यांनी एका हॉस्पिटलमध्ये, परवानगी घेऊन, स्कॅनरच्या केबलमध्ये रास्पबेरी पाय हा छोटा कॉम्प्युटर बसवून स्कॅन मधल्यामध्ये पकडूनही दाखवले. आतल्या नेटवर्कवर एन्क्रिप्शन नव्हतं म्हणून जमलं. तेव्हा वारणाकाठ, व्हीपीएनवर थांबू नका. कन्सोल (स्कॅनर चालवणारा कॉम्प्युटर) ते पॅक्स हा टप्पाही एन्क्रिप्ट व्हायला हवा.

वारणाकाठ:
ताई, सीटीचा कन्सोल विंडोज 7 वर आहे. त्यात काही टाकलं तर एएमसी (वार्षिक देखभालीचा करार) रद्द, असं कंपनीने लेखी दिलंय.

नेटवर्कवाला_नाशिक:
मग कन्सोलला हात लावू नका. शेजारी एक छोटा लिनक्स पीसी ठेवून त्यावर स्टनेल चालवा, हा प्रोग्राम साध्या कनेक्शनला टीएलएस जोडून देतो. कन्सोलची वायर थेट त्या पीसीला, तिथून पुढे पॅक्सपर्यंत टीएलएस. कन्सोलमध्ये पॅक्सचा आयपी तेवढा बदलावा लागतो, तो कंपनीच्याच माणसाकडून बदलून घ्या. ऑर्थँकसारखं मोफत पॅक्स टीएलएस थेट घेतं. रिसेप्शनचा व्हॉट्सअ‍ॅप चालणारा पीसी वेगळ्या व्हीएलॅनवर, म्हणजे नेटवर्कच्या वेगळ्या केलेल्या भागात टाका. टीएलएसच्या सर्टिफिकेटची मुदत दोघांच्या कॅलेंडरमध्ये लिहा; ती रात्री दोनला संपली तर रिपोर्ट तिथेच अडकेल.

पॅक्सच्या आणि बॅकअपच्या डिस्क विंडोजच्या बिटलॉकरने एन्क्रिप्ट करा. रिकव्हरी की कागदावर छापून दोन ठिकाणी ठेवा, त्याच मशीनवर नको. आणि एक गैरसमज नको: एन्क्रिप्शनने रॅन्समवेअर (फाइली अडकवून खंडणी मागणारा व्हायरस) थांबत नाही. नोव्हेंबर 2022 मध्ये अशाच हल्ल्याने दिल्लीच्या एम्सचे सर्व्हर बंद पडले तेव्हा कितीतरी दिवस कामं हाताने चालली. एक बॅकअप वायर काढून ठेवलेला हवाच.

भटक्या७७:
डॉक्टर, पटलं. आईचा सीटी पुढच्या आठवड्यात आहे. सेंटरला काय विचारू?

डॉ_सोनल:
इमेजेस बाहेर कुणाकडे जातात आणि कशा, एवढंच विचारा. "व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो" म्हणाले तर नाव झाकून पाठवायला सांगा.

वारणाकाठ, तुमच्यासाठीही हेच. सोनोग्राफीत नाव बऱ्याचदा चित्रातच उमटलेलं असतं. हेडर पुसला तरी ते कोपऱ्यात तसंच राहतं. कॉन्फरन्सला किंवा ग्रुपवर केस देताना वहिनींनी तो कोपरा कापूनच द्यावा.

वारणाकाठ:
व्हीपीएन उद्या दुपारी लावतो. स्टनेलची कॉन्फिग फाइल इथे टाकली तर कुणी बघून द्याल का?

नेटवर्कवाला_नाशिक:
टाका, बघतो. आयपी आणि की तेवढी खोडून टाका.