मक्ता, कंत्राट की आणखी काही? (बसच्या निविदा)

आभाळवेडी: लंडनच्या बससेवेवरचा लेख मराठीत करतेय, एका जागी अडलेय. तिथे १९८५ पासून एकेका रूटच्या निविदा निघायला लागल्या, ज्या कंपनीची बोली मान्य होईल तिने ठरलेली काही वर्षं तो रूट चालवायचा. मी लिहिलं 'रूटचा मक्ता दिला जातो'. संपादकबाई म्हणाल्या, मक्ता म्हटलं की लोकांना मक्तेदारी आठवते, वाचक नेमकं उलटं समजतील. पण आमच्या गावी आंब्याच्या बागेचा मक्ताच देतात, त्यात कसली मोनोपली?

गॅझेटवाला: मक्ता सोडू नका. मक्ता आणि इजारा दोन्ही अरबी, दोन्ही मुळात ठराविक मुदतीचे सौदे, आणि दोघांनाही 'दारी' लागली की अर्थ मोनोपली! बोली लावताना दहाजण असतात, एकदा सौदा झाला की मुदतभर दुसऱ्याला शिरकाव नाही. लंडनचंही तेच की.

चौथी_सीट: नाही पटलं. मक्त्यात आंब्याचे पैसे मक्तेदाराचे, तोटा आला तरी त्याचाच. लंडनमध्ये तिकिटाचे पैसे आणि भाडं ठरवायचा हक्क सरकारी संस्थेकडे, कंपनीला बस चालवण्याचे पैसे मिळतात. हे सरळ कंत्राट आहे. आणि लेखात लंडनबाहेरचं असेल तर जपा, तिथे १९८६ मध्ये धंदा खुला केला, एकाच रस्त्यावर दोन कंपन्यांच्या बसेस प्रवाशांसाठी पळायला लागल्या, तिथे हा शब्द चालणार नाही. मँचेस्टर २०२३ पासून पुन्हा लंडनसारख्या पद्धतीवर आलं.

शब्दरक्षक: कंत्राट कशाला? निविदा आहे तर संविदा घ्या, जोडी जुळते.

चौथी_सीट: संविदा हिंदी कचेरीतला वाटतो हो. लिलाव पोर्तुगीज आहे, तो कधी खुपला का?

डेपोची_लेक: माझे वडील बेस्टमध्ये होते म्हणून लिहिते. आमच्याकडे सगळे 'वेट लीज' म्हणतात, गाडी, ड्रायव्हर, दुरुस्ती कंत्राटदाराची, पैसे किलोमीटरमागे. कागदावर मात्र 'भाडेतत्त्वावरील बस'. ह्या शब्दावर माझा खरा राग आहे, कारण त्यात फक्त गाडी दिसते, तिच्याबरोबर ड्रायव्हरही भाड्याने आलाय हे दिसतच नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये हेच ड्रायव्हर पगारवाढीसाठी संपावर गेले तेव्हा कुठे लोकांना कळलं की लाल गाडी चालवणारा बेस्टचा नोकर नाही. कंत्राटी म्हणा, निदान माणूस दिसतो.

शब्दरक्षक: वेट लीजला मराठी नाहीच का? चालकासह भाडे?

डेपोची_लेक: चालकासह म्हटलं की लग्नाची गाडी ठरवल्यासारखं वाटतं. दुरुस्तीची जबाबदारी त्यात कुठे आली?

गॅझेटवाला: बांधकामावर 'उक्तं' म्हणतात ते बघा. सगळं त्यानेच आणायचं, आपण पैसे मोजायचे.

चौथी_सीट: उक्त्यात सगळ्या कामाची रक्कम आधी ठरते हो, इथे किलोमीटरवर हिशोब. गाडी डेपोत उभी राहिली तर त्या दिवसाचे पैसे कोण सोसणार, भांडण तिथेच होतं.

आभाळवेडी: अहो पण लंडनला काय लिहू? उद्या लेख द्यायचाय.

गॅझेटवाला: मक्ताच लिहा. आणि उक्तं हा 'उक्त' वरूनच आलाय, बोलून ठरवलेलं, त्यात रोजचा दर का नाही बसणार ते चौथी_सीट यांनी सांगावं.